पंखा उलटा, शुक्र उलटा : फिरायची दिशा ठरवतं कोण?

चौकस_बाबा | २८ मे, रात्री १०.१२

मंडळी, विषय पंख्यापासून सुरू होतोय, कुठे जाईल माहीत नाही. आमच्या हॉलमधला छताचा पंखा मागच्या आठवड्यात जळाला, वाइंडिंगला दिला, परवा आणून लावला. फिरतो झकास, आवाज नाही, डुलत नाही, पण वारा शून्य. पाचवर ठेवला तरी खाली बसलेल्याचा केस हलत नाही. वाइंडिंगवाल्याला फोन केला तर म्हणे साहेब ऊनच एवढं आहे की वारा लागत नाही, पाऊस सुरू झाला की लागेल!! आता काय बोलणार.

तर आमची कन्या (सहावीत गेलीय) सोफ्यावर उताणी पडून वर बघत होती, ती म्हणाली बाबा हा घड्याळासारखा फिरतोय आणि बेडरूममधला घड्याळाच्या उलट. जाऊन बघितलं तर खरंच की. इथवर ठीक होतं. पण मग तिने विचारलं की पंख्याने कुठल्या बाजूला फिरायचं हे कोण ठरवतं, आणि पुस्तकात लिहिलंय सगळे ग्रह एका बाजूला फिरतात फक्त शुक्र आणि युरेनस उलटे, तर त्यांचंही वाइंडिंग चुकलंय का?

मी कॉमर्सवाला. जाणकारांनी मदत करा.

रिटायर्ड_फिटर | २८ मे, रात्री १०.४०

वाइंडिंग बरोबर आहे, जोडणी चुकलीय. पंख्याच्या मोटारीतून तीन वायरी बाहेर येतात. एक कॉमन, एक रनिंगची, एक स्टार्टिंगची. कंडेन्सर रनिंग आणि स्टार्टिंगच्या मध्ये असतो. सप्लायची एक वायर कॉमनला आणि दुसरी कंडेन्सरच्या एका टोकाला. ती दुसरी वायर चुकून कंडेन्सरच्या दुसऱ्या टोकाला लागली की पंखा उलटा. पात्याची जी कड छताकडे उचललेली असते ती पुढे राहिली पाहिजे, तरच पातं हवा खाली दाबतं. तुमच्याकडे खालची कड पुढे चाललीय म्हणजे पंखा हवा वर ढकलतोय, छताला थंडावा मिळत असेल. मेन बंद करून वायरमनकडून टोक बदलून घ्या, दहा मिनिटांचं काम. स्वतः स्टुलावर चढू नका.

जर्सीकर | २८ मे, रात्री ११.०५

आमच्याकडे न्यू जर्सीत पंख्याच्या बुडाशी एक बारकं बटण असतं, उन्हाळ्यात असा आणि हिवाळ्यात तसा. हिवाळ्यात तो मुद्दाम उलटा फिरवायचा, हळू स्पीडवर. हीटरची गरम हवा छताला जाऊन बसलेली असते ती मग भिंतींवरून खाली येते. म्हणजे तुमचा वाइंडिंगवाला चुकला नाही, तो सहा महिने आधी पोचला :)

आकाशवेडा | २८ मे, रात्री ११.५०

कन्येचा प्रश्न पंख्यापेक्षा भारी आहे म्हणून सविस्तर लिहितो, झोप आली असेल तर उद्या वाचा.

सूर्यमाला जिच्यातून झाली तो वायू आणि धुळीचा एक प्रचंड ढग होता, साधारण ४६० कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातला प्रत्येक कण आपापल्या मनाने कुठेतरी चाललेला. पण सगळ्यांची बेरीज केली तर ती अगदी शून्य कधी येत नाही, थोडीशी का होईना एका बाजूला झुकतेच. आमटी चारही बाजूंनी कशीही ढवळा आणि पळी काढून घ्या, थोड्या वेळाने अख्खी आमटी एकाच बाजूला संथ फिरताना दिसते, तसं. मग ढग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसायला लागला आणि आकसला तसा वेग वाढत गेला. फुगडी घालताना दोघी हात आखडून जवळ आल्या की गरगर वाढते ना, तेच. आकसता आकसता तो भाकरीसारखा चपटा झाला, मधे सूर्य आणि त्या भाकरीत ग्रह. सगळा माल एकाच दिशेने फिरणारा, म्हणून ग्रह सूर्याभोवतीही त्याच दिशेने जातात, स्वतःभोवतीही बहुतेक त्याच दिशेने फिरतात आणि खुद्द सूर्यही तसाच फिरतो (त्याच्या विषुववृत्तावर एक फेरा साधारण २५ दिवसांचा). ध्रुवताऱ्याच्या बाजूने खाली बघितलं तर हे सगळं घड्याळाच्या उलट.

शुक्र आणि युरेनस नंतर बिघडलेत. युरेनस चक्क आडवा पडलाय, त्याचा आस ९८ अंश कललेला. एखाद्या मोठ्या गोळ्याची धडक बसली असावी असं बहुतेक जण मानतात. तो सूर्याभोवती ८४ वर्षांत एक फेरी मारतो त्यामुळे तिथल्या ध्रुवावर ४२ वर्षं उजेड आणि ४२ वर्षं काळोख. शुक्राबद्दल मात्र एकमत नाही, कोणी धडक म्हणतं, कोणी म्हणतं त्याच्या जाडजूड वातावरणाला सूर्याने ओढून ओढून त्याची फिरकी थांबवली आणि उलटी केली. ढगांमुळे त्याची जमीन दुर्बिणीतून दिसतच नाही, तो उलटा फिरतो हे १९६० च्या दशकात रडारमुळे कळलं. आणि फिरतो तरी किती हळू, स्वतःभोवती एका फेऱ्याला पृथ्वीचे २४३ दिवस आणि सूर्याभोवती २२५ दिवस. पृथ्वीचं विषुववृत्त ताशी १६७० किलोमीटरने पळतंय, शुक्राचं साडेसहाने. पर्वती चढायला रोज येणारे आजोबा त्याला मागे टाकतील.

खडूस_पेठकर | २९ मे, सकाळी ८.२०

छान. आता मूळ दोष काढतो. अख्ख्या धाग्यात एका आकाशवेड्यानेच "ध्रुवताऱ्याच्या बाजूने" असं लिहिलंय, बाकी सगळे नुसतं घड्याळासारखा आणि घड्याळाच्या उलट करत बसलेत. कुठून बघून? छताचा पंखा खालून बघितला तर घड्याळाच्या उलट, वरच्या मजल्याच्या जमिनीला भोक पाडून बघा, तोच पंखा घड्याळासारखा. पारदर्शक काचेचं घड्याळ मागून बघा, काटे उलटे. बघणारा कुठे उभा आहे ते सांगितल्याशिवाय दिशा नावाची गोष्टच नाही. पृथ्वी दक्षिण ध्रुवाच्या बाजूने बघितली तर ती घड्याळासारखीच फिरते, मग काय तिलाही उलटी म्हणणार?

आकाशवेडा | २९ मे, सकाळी ९.०२

मान्य, म्हणून तर उजव्या हाताचा नियम आहे. उजव्या हाताची बोटं फिरण्याच्या दिशेने वळवा, अंगठा जिकडे जाईल ती बाजू पकडा. पृथ्वीसाठी अंगठा ध्रुवताऱ्याकडे. शुक्रासाठी अंगठा खाली. म्हणून काही तक्त्यांत शुक्राचा कल १७७ अंश दिलेला असतो आणि काही ठिकाणी "कल ३ अंशाहून कमी पण उलटा" असं असतं, दोन्ही एकच. उभा सरळ फिरणारा भोवरा डोक्यावर उलटा केला असं म्हणा नाहीतर जागच्या जागी उलटा फिरवला म्हणा.

गंमत म्हणजे आपली आकाशगंगा तिच्या उत्तर बाजूने बघितली तर घड्याळासारखी फिरते. म्हणजे सूर्यमाला एक म्हणते, आकाशगंगा दुसरंच.

शब्दवेल्हाळ | २९ मे, सकाळी ९.४५

मराठीत यासाठी सव्य आणि अपसव्य असे शब्द आहेत, पण वापरताना जपून. आपण घड्याळाच्या काट्याप्रमाणे म्हणजे सव्य म्हणतो, आणि संस्कृतात सव्य म्हणजे चक्क डावा. अर्जुन सव्यसाची, कारण डाव्या हातानेही बाण मारायचा. जानवं डाव्या खांद्यावर असतं तेव्हा ते सव्य. मग डाव्याचं उजवं कधी झालं? असा घोळ होतो म्हणूनच कटकटीच्या कामाला आपण सव्यापसव्य म्हणत असू (हे माझं मत, कोशात शोधू नका).

सुगरण_७० | २९ मे, सकाळी १०.३०

मला एक सांगा, शनी वक्री झाला म्हणतात तेव्हा तो उलटा फिरायला लागतो का? आमच्या शेजारच्या वहिनींनी त्यामुळे फ्लॅटचं बुकिंग पुढे ढकललंय.

आकाशवेडा | २९ मे, सकाळी ११.१५

नाही काकू, शनी आपल्या वाटेने सरळच चाललेला असतो. तुम्ही शिवनेरीत बसलात आणि एक्सप्रेसवेवर एका ट्रकला ओव्हरटेक केलं, तर खिडकीतून तो ट्रक मागे मागे जाताना दिसतो, लांबच्या डोंगराच्या पुढ्यात तर अगदी स्पष्ट. तो काही रिव्हर्स घेत नसतो. पृथ्वी आतल्या लेनमधून पळते, शनी बाहेरच्या लेनमध्ये रमतगमत, आपण दरवर्षी त्याला गाठून पुढे जातो तेव्हा काही महिने तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मागे सरकल्यासारखा दिसतो. तेच वक्री. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्येच नावेचं उदाहरण देऊन ठेवलंय, नाव पुढे जाते आणि काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात तसे तारे पश्चिमेला जाताना दिसतात. त्याने ते पृथ्वीच्या फिरण्यासाठी दिलं होतं पण भास त्याच जातीचा.

फ्लॅटचं मात्र रेरा नंबर बघून ठरवा म्हणावं.

विहीरवाला | २९ मे, दुपारी २.१०

फिटरसाहेबांचं वाचून आमची जुनी जखम उघडी झाली. आमच्याकडे डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाला, बारा दिवसांनी नवीन बसवला, रात्री साडेअकराला लाईट आली. स्टार्टर दाबला, मोटार उचलली, साडेसात एचपीची पाणबुडी मोटार, अॅम्पियर ठीकठाक, पण पाणी निम्मंसुद्धा नाही. पाइपातून पोरगं मुतल्यासारखी धार (माफ करा). मला वाटलं विहिरीनं तळ गाठला, डोकावलो तर पाणी होतं. मग वाटलं पाइप कुठेतरी फुटलाय. मग वाटलं पंपाची चकती गेली. दुसऱ्या दिवशी कप्पी लावून चार माणसांनी मोटार वर काढली, उघडून बघितली, काही नाही, परत सोडली, धार तेवढीच. मजुरी गेली, दिवस गेला आणि कांद्याचं रान वाळायला लागलं ते वेगळंच.

संध्याकाळी दळण घ्यायला गेलो तर गिरणीवाला बोंबलत होता की काल लाईट आल्यापासून त्याची मोटार उलटी फिरत होती, त्याला लगेच कळलं कारण पट्टा डोळ्यासमोर असतो, त्याने दोन वायरी आलटून पालटून केल्या आणि मोकळा झाला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डीपीवरच दोन फेज इकडचे तिकडे झालेले, गावातली थ्री फेजची झाडून सगळी मोटार उलटी. माझी चाळीस फूट पाण्याखाली, दिसणार कशी? घरी येऊन मेन पाडली, पेटी उघडली, लाल आणि निळी वायर बदलली, मेन टाकून बटण दाबलं आणि पाण्याचा असा लोट आला की पाइप हातातून सुटला.

मला आजपर्यंत एक कळलं नाही, मोटार उलटी फिरली तर पाणी उलटं विहिरीत जायला पाहिजे ना, मग थोडं का होईना वर कसं येत होतं?

रिटायर्ड_फिटर | २९ मे, दुपारी ३.३०

कारण तो पंप पाणी ढकलत नाही, भिरकावतो. मधल्या चकतीत पाणी शिरतं आणि गोल फिरून कडेला फेकलं जातं. ओलं फडकं गरागरा फिरवा, डावीकडून फिरवा नाहीतर उजवीकडून, थेंब बाहेरच उडणार. म्हणून पाण्याचा रस्ता बदलत नाही. पण चकतीच्या पात्यांना बाक दिलेला असतो तो एकाच दिशेसाठी, उलटी फिरली की दाब तयार होत नाही, पाणी कमी. थ्री फेजला कुठल्याही दोन वायरी बदलल्या की दिशा बदलते, तिन्ही फिरवत बसू नका, तिन्ही एका क्रमाने सरकवल्या तर मोटार परत तशीच फिरेल.

आता दिशेवरून निघालंय तर माझाही मूर्खपणा सांगतो. उमेदवारीत असताना सायकलचं डावं पायडल काढायला सांगितलं. मी पाना लावला आणि नेहमीसारखा डावीकडे ओढतोय, सुटेना. पान्यावर पाइप घालून दोघं लटकलो. आटे फाटले. उस्तादाने जो काय उद्धार केला तो इथे लिहिता येणार नाही. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. का, तर पाय मारताना पायडलची दांडी क्रँकच्या भोकात कणभर ढिली असते आणि भोकाच्या कडेवरून घरंगळत जाते. बांगडीत बोट घालून बोट बांगडीच्या आतून टेकवत फिरवा, बोट ज्या बाजूला कडेने जातं त्याच्या उलट बाजूला स्वतःभोवती वळतं, तसंच. डावीकडे सरळ आटे दिले तर पाय मारता मारता पायडल गळून पडेल.

टेबलफॅनच्या पुढची टोपी तशीच, उलट्या आट्याची. तो फॅन समोरून बघितला की घड्याळासारखा फिरतो, सरळ आट्याची टोपी दर वेळी बटण दाबल्यावर थोडी थोडी सुटत जाईल. उलट्या आट्याची घट्ट होत जाते. वेल्डिंगवाल्याकडे अॅसिटिलीनच्या सिलिंडरचे आटे उलटे आणि ऑक्सिजनचे सरळ, ते मात्र फिरण्यामुळे नाही, चुकून एकाची नळी दुसऱ्याला लागू नये म्हणून.

ओटीवरची_मनी | २९ मे, सायंकाळी ६.५५

बेसिनमधलं पाणी आपल्याकडे एका बाजूने आणि ऑस्ट्रेलियात दुसऱ्या बाजूने फिरत जातं म्हणतात ते खरं का? केनियात विषुववृत्ताच्या रेषेवर एकाने आम्हाला करून दाखवलं होतं, रेषेच्या इकडे असं आणि तिकडे तसं, पैसे पण घेतले.

खडूस_पेठकर | २९ मे, सायंकाळी ७.१०

पैसे परत मागा. तो टब घेऊन वळतो तेव्हाच पाण्याला हवा तसा झोका देतो. बेसिनमध्ये पाण्याची दिशा नळाची धार कुठे पडली, भांड्याचा आकार काय आणि तुम्ही बूच कसं उपटलं यावर ठरते. १९६२ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या शापिरो यांनी सहा फूट रुंदीचा टब घेतला, पाणी भरून तब्बल २४ तास शांत ठेवलं आणि मग बूच काढलं, तेव्हा कुठे ते घड्याळाच्या उलट फिरलं. नंतर सिडनीत तसाच प्रयोग झाला, तिथे घड्याळासारखं. पृथ्वीचा हात असतो, पण एवढा हलका की तुमच्या हाताने तो केव्हाच पुसला जातो. वादळ मोठं असतं, शेकडो किलोमीटरचं, तिथे मात्र तिचंच चालतं.

हर्णैकर | २९ मे, रात्री ९.४०

वादळाचं आम्हाला सांगू नका, आम्ही बघितलंय. ३ जून २०२०, निसर्ग. ते श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर चढलं, आम्ही त्याच्या दक्षिणेला. सकाळी वारा मागून, डोंगराकडून होता, लोक म्हणाले समुद्राकडून नाही म्हणजे बरंय. दुपारी तोच वारा फिरून समुद्रावरून आला आणि मग काही राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी वाडीत गेलो तर आधी पडलेले माड समुद्राकडे शेंडे करून आणि नंतर पडलेले डोंगराकडे, एकाच वाडीत. त्यांच्याखाली सगळ्या सुपाऱ्या. तेव्हा काही कळायची मनःस्थिती नव्हती, नंतर भाच्याने कागदावर गोल काढून दाखवलं की आपल्या गोलार्धात वादळ वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, ते आपल्या समोरून उत्तरेला सरकत गेलं की वाऱ्याची बाजू कशी बदलत जाते. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, वादळाचं पोट डाव्या हाताला. आता तेवढं लक्षात ठेवलंय.

चौकस_बाबा | २९ मे, रात्री १०.२५

हर्णैकर, वाचून गप्प झालो. वाडी परत उभी राहिली का?

हर्णैकर | २९ मे, रात्री १०.३१

सुपारी लावली परत. धरायला वेळ लागतो.

गच्चीवरचा_शंकू | ३० मे, दुपारी ३.०५

पण घड्याळ स्वतः "घड्याळासारखं" का फिरतं हे कोणीच विचारलं नाही. घड्याळं युरोपात तयार झाली, त्याआधी तिथे सावलीची घड्याळं होती. तिथे सूर्य कायम दक्षिणेकडून जातो, त्यामुळे सावली सकाळी पश्चिमेला, दुपारी उत्तरेला, संध्याकाळी पूर्वेला. काट्याने सावलीची नक्कल केली. ऑस्ट्रेलियात आधी शोध लागला असता तर काटे उलटे फिरले असते. बोलिव्हियाने २०१४ मध्ये त्यांच्या संसदेच्या इमारतीवरचं घड्याळ मुद्दाम उलटं केलं, आम्ही दक्षिणेतले आहोत म्हणून. आपली प्रदक्षिणाही सूर्याच्याच चालीने, देव उजव्या हाताला. महादेवाच्या देवळात सोमसूत्रापर्यंत (पिंडीवरचं पाणी वाहून जायची पन्हळ) जाऊन परत फिरायचं, तिथे दोन्ही दिशा होतात.

आता खरी गंमत. पुण्यात मेच्या मध्यात शून्य सावलीचा दिवस येऊन गेला ना, तिथून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. मग सावलीचं काय होत असेल म्हणून आज गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी केली आणि खडू घेऊन बसलो. (बायको म्हणाली टोपी तरी घाल.) अकराला सावली पश्चिमेकडे थोडी दक्षिणेला कललेली. साडेबाराच्या सुमारास जेमतेम सहा सेंटिमीटर, सरळ दक्षिणेला. दोन वाजता पूर्वेकडे. खडूच्या खुणा जोडल्या तर पश्चिम, दक्षिण, पूर्व, म्हणजे घड्याळाच्या चक्क उलट! पुण्यात, स्वतःच्या गच्चीवर. मी दोनदा उत्तर दिशा तपासली.

आकाशवेडा | ३० मे, दुपारी ४.४०

जबरी! याला म्हणतात प्रयोग. एक पुस्ती जोडतो, अगदी सकाळी आणि अगदी संध्याकाळी ती थोडी सरळ दिशेनेही सरकते, उलटी चाल मधल्या वेळेत. आणि हे उभ्या काठीचं. सावलीच्या खऱ्या घड्याळात काठी ध्रुवताऱ्याकडे रोखलेली असते, तिथे वर्षभर आकडे एकाच क्रमाने येतात, नाहीतर पुण्यातल्या सावलीच्या घड्याळाने जूनमध्ये सुट्टीच घेतली असती.

विहीरवाला | ३० मे, सायंकाळी ५.१५

रॉकेट पण पूर्वेकडेच का सोडतात ते याच्यातलंच का?

आकाशवेडा | ३० मे, सायंकाळी ५.५०

हो. श्रीहरिकोट्याची जमीनच पूर्वेला सेकंदाला सुमारे ४५० मीटरने चाललेली असते, तेवढा वेग फुकट मिळतो. धावत्या एसटीतून उतरताना एसटीच्या दिशेने धावतो तसं. ध्रुवांवरून जाणारे उपग्रह दक्षिणेला सोडतात, त्यांना हा फायदा नाही. इस्राएल पश्चिमेला, समुद्रावरून सोडतो, कारण पूर्वेला शेजारी बसलेत. तोटा सोसून.

चौकस_बाबा | ३१ मे, सकाळी ११.२०

अपडेट. वायरमन आला, मेन पाडली, कंडेन्सरचं टोक बदललं, फिटरसाहेब म्हणाले तसं दहा मिनिटांत. आता खालून बघितलं तर घड्याळाच्या उलट (खडूस, नोंद घ्या, खालून) आणि भिंतीवरचं कॅलेंडर फडफडतंय. वाइंडिंगवाल्याला फोन करून सांगितलं तर म्हणे बघा, मी म्हटलं नव्हतं वारा लागेल म्हणून.

कन्येने मात्र आईचा आरसा जमिनीवर ठेवून त्यात पंखा बघितला आणि आरशात तो परत घड्याळासारखा फिरतोय. मान वर केली की उलटा, मान खाली घातली की सुलटा. आता हे कोण समजावणार?

खडूस_पेठकर | ३१ मे, सकाळी ११.२८

वाकून खाली बघतेस म्हणजे वरूनच बघतेस, सांगा तिला. छताला भोक पाडायचा खर्च वाचवला पोरीने.